बांबू फुलला, उंदीर मातला

आधी शेपटीचं बघू. नाकापासून बुडापर्यंत अंग आठ-दहा सेंटिमीटर, आणि मागची शेपटी अकरा ते पंधरा सेंटिमीटर! अर्जेंटिना आणि चिलीच्या दक्षिणेकडे, अँडीजच्या उतारांवर राहणाऱ्या या उंदराला तिथले लोक 'कोलिलार्गो' म्हणतात. शास्त्रज्ञांच्या दप्तरी तो ओलिगोरायझोमिस लाँगिकॉडेटस. वजन जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम, म्हणजे पाच मारी बिस्किटांएवढं. पण या एवढ्याशा प्राण्यासाठी चिली-अर्जेंटिनाचं आरोग्य खातं दर उन्हाळ्यात सूचनापत्रकं काढतं, जंगलातल्या विश्रामगृहांची दारं-खिडक्या किमान अर्धा तास सताड उघडी ठेवली जातात, आणि एकदा तर एका खेड्यातल्या बऱ्याच लोकांना न्यायालयाच्या हुकमाने घरात बसावं लागलं होतं. ती गोष्ट पुढे येईलच.

माजघरातला नव्हे, रानातला

आपल्या डाळीच्या डब्याभोवती घुटमळणारा घरउंदीर आणि कोलिलार्गो यांचं नातं फार दूरचं. घरउंदीर मूळचा जुन्या जगातला. युरोपीय दर्यावर्दींच्या जहाजांतून तो फुकट प्रवास करत अमेरिकेत उतरला. कोलिलार्गोचं घराणं मात्र लाखो वर्षांपासून दक्षिण अमेरिकेत नांदतं आहे. उत्तरेकडून काही पूर्वज तिथे पोचले आणि मोकळं मैदान मिळाल्यावर त्यांचा जो वंशविस्तार झाला त्याला तोड नाही. आज या शाखेत चारशेच्या वर जाती मोजल्या जातात. कोणी वाळवंटात, कोणी दलदलीत, कोणी चक्क पाण्यात मासे-खेकडे पकडून जगणारे.

या घराण्यातल्या एका भाऊबंदाचा पराक्रम इथेच सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. चिली-अर्जेंटिना सरहद्दीवर युयाइयाको नावाचा ज्वालामुखी आहे, उंची ६,७३९ मीटर. २०२० मध्ये अमेरिकी जीवशास्त्रज्ञ जे स्टोर्झ आणि त्यांचे सहकारी त्याच्या माथ्यावर चढले आणि तिथे त्यांना एक जिवंत उंदीर सापडला. मोठ्या कानांचा, फायलोटिस कुळातला. जगात एवढ्या उंचीवर कुठलाही सस्तन प्राणी याआधी पकडलेला नव्हता. कळसूबाई १,६४६ मीटर. तशा चार एकावर एक रचल्या तरी उंदीर वरच. तिथे गवताचं पातं नाही, प्राणवायू निम्म्याहून कमी, रात्री हाडं गोठवणारी थंडी. हा गृहस्थ तिथे खात काय होता, हा प्रश्न पुढे बरेच दिवस शास्त्रज्ञांच्या डोक्याला मुंग्या आणत होता.

उडीबहाद्दर

कोलिलार्गोला असल्या विक्रमांत रस नाही. त्याला पाणी जवळ लागतं आणि झुडपांचा आडोसा लागतो. ओढ्याकाठची झुडपं, जंगलाची कड, काटेरी जाळ्या हे त्याचे आवडते पत्ते. मागचे पाय लांब असल्याने तो धावण्यापेक्षा उड्या जास्त मारतो. रात्री बाहेर पडतो, फांद्यांवर सरसर चढतो, आणि चढताना ती लांबलचक शेपटी तोल सावरायला कामी येते. घरटं बांधायचा कंटाळा आला तर पाखरांनी सोडलेलं एखादं घरटं बळकावतो. आकाराच्या मानाने त्याची भटकंती पुष्कळ. आज या झुडपात दिसला म्हणून उद्याही तिथेच भेटेल, याची खात्री नाही.

त्याच जंगलात उंदरासारखाच दिसणारा एक प्राणी फिरतो आणि नवख्यांना हमखास फसवतो. 'मोनितो देल मोन्ते' हे त्याचं नाव. हा मुळात उंदीरच नाही. पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवणारा, म्हणजे कांगारूच्या गोतावळ्यातला जीव. तो बांबूच्या पानांचं गोल घरटं विणतो आणि हिवाळा झोपून काढतो. पुढे ज्या रोगाची गोष्ट येणार आहे त्याच्याशी याचा काही संबंध नाही, बिचाऱ्याला उगाच धोपटू नये.

गुलाबाची मेजवानी

कोलिलार्गोचं मुख्य अन्न म्हणजे बिया. जोडीला रानफळं, अधूनमधून किडे. आता गंमत पाहा. पॅटागोनियाच्या या पट्ट्यात आज जिकडेतिकडे 'रोसा मोस्केता' नावाचं रानगुलाबाचं झुडूप माजलेलं दिसतं. हे तिथलं नव्हेच. युरोपातून आलेल्या वसाहतकऱ्यांबरोबर ते आलं आणि गुरांनी चरून मोकळ्या केलेल्या माळांवर पसरत गेलं. त्याच्या लालभडक फळांचा मुरंबा बारिलोचे गावात पर्यटक बरण्या भरभरून नेतात, बियांचं तेल चेहऱ्याला लावायला जगभर विकलं जातं. आणि त्याच काटेरी जाळीखाली आमचा उंदीर वर्षभर सुखाने राहतो. वर छप्पर, चहूकडून काटे, दारात धान्य. घुबडाला आत शिरता येत नाही, कोल्ह्याचं नाक ओरबाडलं जातं. माणसाने नकळत त्याला बंगला बांधून दिला, असंच म्हणायचं.

साठ वर्षांनी एकदा येणारी दिवाळी

खरी मेजवानी मात्र बांबूची. अँडीजच्या दक्षिण जंगलात कोलिवे नावाचा बांबू वाढतो. आपल्या बांबूसारखा पोकळ नाही, भरीव आणि टणक. तिथले मापुचे लोक याच्या काठीचे भाले करायचे आणि 'त्रुत्रुका' हे लांबलचक वाद्य आजही याच्याच काठीतून कोरून काढतात. हा बांबू दशकानुदशकं फुलतच नाही. साठ-सत्तर वर्षं गप्प राहतो, असा अंदाज आहे. मग एका वर्षी डोंगरच्या डोंगर एकदम फुलतात, जमिनीवर बियांचा सडा पडतो आणि बांबू वाळून मरून जातो.

उंदरांसाठी ही पर्वणी असते. एरवी हिवाळा लागला की कोलिलार्गोचं पिल्लं घालणं थांबतं आणि संख्या आपोआप आटोक्यात येते. बांबूच्या वर्षी धान्याची रास समोर असल्याने ते हिवाळ्यातही थांबत नाहीत. एका खेपेला चार-पाच पिल्लं, ती थोड्याच आठवड्यांत वयात येणार, त्यांची पुन्हा पिल्लं. वसंत ऋतू येईतो जंगलात उंदरांचा पूर लोटतो. तिथले लोक याला 'रातादा' म्हणतात. अर्जेंटिनाच्या लानीन राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात २०००-०१ च्या फुलोऱ्यानंतर असा पूर आला. २०१०-११ मध्ये नाहुएल उआपीच्या आसपास बांबू फुलला तेव्हा तर सगळा प्रदेश सावध होऊन बसला होता.

पुढे काय होतं ते उघड आहे. उरलेल्या बिया रुजतात, धान्य संपतं आणि लाखो भुकेली तोंडं वाट फुटेल तिकडे निघतात. घरं, गोठे, गोदामं, मिळेल तिथे. सरोवरांच्या काठी मेलेल्या उंदरांचे ढीग लागतात. मग काही महिन्यांत सगळं ओसरतं आणि जंगल पुन्हा कित्येक दशकं शांत.

हे वाचून ईशान्य भारत आठवला असेल तर बरोबर आठवला. मिझोराममध्ये मुली बांबू दर ४८ वर्षांनी फुलतो आणि त्या संकटाला तिथे 'मौताम' म्हणतात. १९५९ च्या मौतामात उंदरांनी शेतं फस्त केली, दुष्काळ पडला, मदत वेळेवर पोचली नाही. त्या रागातून आधी दुष्काळ निवारणासाठी संघटना निघाली आणि १९६१ मध्ये लालडेंगांच्या नेतृत्वाखाली तिचं मिझो नॅशनल फ्रंट झालं. १९६६ चं बंड आणि त्यानंतरची वीस वर्षं धुमसणारी अशांतता, यामागे एका बांबूचा फुलोरा होता. दक्षिण अमेरिकेत उंदरांनी राजकारण केलं नाही, पण दुसरंच काहीतरी केलं.

उंदीर ठणठणीत, माणूस आडवा

एल बोल्सोन हे रिओ नेग्रो प्रांतातलं डोंगराळ गाव. हिप्पी मंडळींचं, हस्तकलेच्या बाजाराचं, चांगल्या बिअरचं. १९९५ मध्ये तिथल्या रुग्णात हंता नावाच्या कुळातला एक नवा विषाणू ओळखला गेला. त्याचं नाव अँडीज विषाणू, आणि त्याचा पोशिंदा कोलिलार्गो.

उंदराला या विषाणूने काहीच होत नाही. शिंक नाही, ताप नाही. एकदा शिरला की जन्मभर शरीरात राहतो आणि लाळ, मूत्र, विष्ठेतून बाहेर पडत राहतो. तो उंदरा-उंदरांत पसरतो तो मुख्यतः मारामाऱ्यांतून. प्रदेशावरून आणि मादीवरून नर एकमेकांना चावतात, म्हणून वयस्क, वजनदार, अंगावर चाव्यांचे व्रण असलेल्या नरांत विषाणू जास्त सापडतो. गावगुंडच रोगी, साधा हिशेब. सगळेच कोलिलार्गो विषाणू घेऊन हिंडतात असंही नाही. एरवी बहुतेक ठिकाणी दहांतल्या एकाकडेही तो नसतो.

माणसात तो शिरतो श्वासावाटे. महिनोन् महिने बंद असलेली झोपडी, लाकडाची कोठी, शेतावरची खोली. उंदरांनी आत संसार थाटलेला. मालक येतो, दार उघडतो आणि झाडू हातात घेतो. वाळलेल्या मूत्राची, लेंड्यांची धूळ उडते आणि थेट छातीत जाते. नंतर एक ते सहा आठवडे काहीच होत नाही, माणूस झाडलोट विसरूनही जातो. मग ताप, मांड्या-पाठ ठणकणं, मळमळ. फ्लू समजून अंगावर काढावं, तोच एक-दोन दिवसांत फुप्फुसांत पाणी भरतं. रक्तवाहिन्या गळक्या होतात आणि धाप लागते. दर तीन रुग्णांमागे साधारण एक दगावतो. या विषाणूवर मान्यताप्राप्त लस नाही, खात्रीचं औषधही नाही. वेळेत अतिदक्षता विभागात पोचवणं आणि यंत्राने रक्ताला प्राणवायू पुरवत राहणं, एवढंच डॉक्टरांच्या हाती असतं.

एवढा जहाल विषाणू, पण उन्हापुढे आणि ब्लीचपुढे टिकत नाही. म्हणून तिकडच्या सूचना अगदी घरगुती आहेत. बंद खोली उघडा, दारं-खिडक्या मोकळ्या ठेवून किमान अर्धा तास बाहेर थांबा. मग फरशीवर पातळ केलेलं ब्लीच शिंपडा, ओलं करूनच पुसा. सुका झाडू अजिबात नको. उघड्या जमिनीवर अंथरूण टाकू नका, तळ असलेल्याच तंबूत झोपा. पॅटागोनियात ट्रेकला जाणारी मराठी मंडळी आता कमी नाहीत. बुटांवर हजारो रुपये खर्च करणाऱ्यांनी हे फुकटचं ज्ञान गाठीशी बांधायला हरकत नाही.

नव्वद मिनिटांचा वाढदिवस

हंता विषाणूंच्या सगळ्या खानदानात अँडीज विषाणू एका बाबतीत एकटा आहे. माणसाकडून माणसाकडे तो जातो, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. १९९६ मध्ये एल बोल्सोन-बारिलोचे भागात साथ आली तेव्हा याचा पहिला संशय आला, कारण आजारी पडणाऱ्यांत डॉक्टरही होते. जिने पॅटागोनियात पाऊलही टाकलेलं नव्हतं अशी ब्वेनोस आयरेसमधली एक डॉक्टरही त्यांत होती. तिने उंदीर पाहिला नव्हता, रुग्ण पाहिला होता.

शंका पुरती फिटली ती एपुयेनमध्ये. चुबुत प्रांतातलं हे जेमतेम दोनेक हजार वस्तीचं, सरोवराकाठचं गाव. ३ नोव्हेंबर २०१८ ला तिथे एका वाढदिवसाला शंभरेक माणसं जमली. पाहुण्यांतल्या एकाला ताप होता. तो दीड तास थांबला आणि घरी गेला. तीनेक आठवड्यांत त्या समारंभातली पाच माणसं आजारी पडली. त्यातल्या एकाशी तर त्याची गाठ फक्त जाता-येता पडली होती, दोन शब्दांच्या रामरामापुरती. पुढची साखळीही अशाच गर्दीतून लांबत गेली. ज्यांचा गोतावळा मोठा, ज्यांना चार ठिकाणी ऊठबस, त्यांच्याकडून विषाणू अनेकांना गेला. मयताच्या घरी जमलेल्या माणसांनाही त्याने सोडलं नाही. फेब्रुवारी २०१९ पर्यंत ३४ रुग्ण आणि ११ मृत्यू.

शास्त्रज्ञांनी बहुतेक रुग्णांतल्या विषाणूचा जनुकीय आराखडा काढला, कोण कुठे कोणाशेजारी बसलं होतं याच्याशी तो ताडून पाहिला आणि साखळीचा एकेक दुवा जुळवला. उंदराकडून माणसात विषाणू आला होता तो फक्त एकदा, पहिल्या रुग्णात. बाकी सगळी माणसांची मेहनत. सुरुवातीला एक रुग्ण सरासरी दोघांना आजार देत होता. आजाऱ्यांना वेगळं ठेवलं, संपर्कातल्यांना न्यायालयीन आदेशाने घरात बसवलं, तसा हा आकडा एकाच्या खाली आला आणि साथ विझली. घरात बसायची मुदत चाळीस दिवसांच्या आसपास होती. हे सगळं पेलताना गावात कुरबुरी झाल्या, वाद झाले. वर्षभराने तोच अनुभव सगळ्या जगाच्या वाट्याला आला. संशोधकांचा हा शोधनिबंध छापून आला २०२० च्या डिसेंबरात, तोवर 'विलगीकरण' हा शब्द शेंबड्या पोरालाही पाठ झाला होता.

घुबडाची नोकरी

कोलिलार्गो खाणाऱ्यांची यादी लांब आहे. कोल्हे, शिकारी पक्षी आणि सगळ्यांत वर गव्हाणी घुबड. हे घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि केस-हाडांची गोळी करून परत टाकतं. प्राणिशास्त्रज्ञ त्या गोळ्या गोळा करतात, आतल्या कवट्या मोजतात आणि पिंजरा न लावता परिसरातल्या उंदरांची खानेसुमारी करतात. चिलीमध्ये तर घुबडांसाठी लाकडी घरटी आणि बसायला खांब उभारून उंदरांना, पर्यायाने हंता विषाणूला, आळा घालायचे प्रयोग झाले. आपल्याकडे ज्या पक्ष्याला अपशकुनी म्हणून दगड मारतात, त्याला तिकडे आरोग्य खात्याचा बिनपगारी कर्मचारी केलं. यात मला तरी तिकडच्यांची अक्कल जास्त दिसते.

मक्याच्या शेतातले चुलतभाऊ

कोलिलार्गोची कीर्ती अलीकडची. त्याआधी अर्जेंटिनाला घाबरवलं ते पम्पासच्या सपाट मुलखातल्या कालोमिस मस्क्युलिनसने. हा चिमुकला उंदीर शेताच्या बांधावर, कुंपणाखालच्या गवतात राहतो. १९५० च्या दशकात मक्याच्या कापणीच्या हंगामात शेतमजूर पटापट आजारी पडायला लागले. ताप, हिरड्यांतून रक्त, मग झटके. लोक म्हणायचे, ही शेतातल्या धसकटांची बाधा. १९५५ मध्ये डॉ. रोदोल्फो आरिबाल्सागा यांनी या आजाराचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं आणि १९५८ मध्ये आर्मान्दो पारोदी यांच्या गटाने हुनीन विषाणू शोधून काढला. हा हंता नव्हे, दुसऱ्याच कुळातला. कापणी यंत्रं शेतात शिरली तेव्हा भर पडली, कारण यंत्राच्या पात्यांत उंदीर सापडायचे आणि त्यांच्या रक्ताचे बारीक तुषार चालकाच्या नाकातोंडात जायचे.

इथे मात्र माणसाने बाजी मारली. पेर्गामिनो गावातल्या डॉ. हुलिओ माइस्तेगी यांनी बऱ्या झालेल्या रुग्णांचं रक्तद्रव नव्या रुग्णांना द्यायचा प्रयोग काटेकोरपणे करून दाखवला. १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत्यूचं प्रमाण १६ टक्क्यांवरून जवळजवळ १ टक्क्यावर! पुढे 'कँडिड वन' ही लस आली. साडेसहा हजार शेतमजुरांवर तिची चाचणी झाली आणि ९५ टक्के परिणामकारक ठरली. २००६ पासून अर्जेंटिनात तिला अधिकृत मान्यता आहे. ती त्याच पेर्गामिनोतल्या, माइस्तेगींचं नाव दिलेल्या संस्थेत बनते. नफ्याचा बाजार नसलेल्या रोगावर एका देशाने स्वतःच्याच संस्थेत लस बनवायची, हे रोजरोज घडत नाही.

बोलिव्हियातली तऱ्हा याहून नाट्यमय. बेनी प्रांतातल्या सान होआकीन गावात १९६० च्या सुमारास अशीच रक्तस्रावी तापाची साथ आली. पनामातल्या अमेरिकी प्रयोगशाळेचे कार्ल जॉन्सन तपासाला गेले आणि १९६३ मध्ये स्वतःच आजारी पडले. बरे होऊन ते परत त्याच गावात आले. गुन्हेगार निघाला घराघरांत शिरलेला कालोमिस कालोसस. उपाय काय केला? ना औषध, ना लस. घरोघरी उंदरांचे सापळे लावले. दोन आठवड्यांत नवे रुग्ण येणं थांबलं! हेच जॉन्सन पुढे १९७६ मध्ये आफ्रिकेतल्या एका नव्या विषाणूच्या शोधातही पुढे होते. त्याचं नाव इबोला.

आणि आपली चिचुंद्री

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या ऐन धामधुमीत 'चीनमध्ये आता हंता विषाणू' हा संदेश आपल्याकडच्या प्रत्येक कौटुंबिक व्हॉट्सअॅप गटात फिरला होता. युनानमधला एक प्रवासी बसमध्ये दगावला होता, तेवढ्यावर रान उठलं. आशियातले हंता विषाणू माणसाकडून माणसात पसरत नाहीत, हे सांगायला तेव्हा कोणाला सवड नव्हती.

या कुळाची पाठ्यपुस्तकी कहाणी कोरियातून सुरू होते. कोरियन युद्धात तीनेक हजार सैनिक गूढ तापाने आजारी पडले, त्याचा विषाणू हो वांग ली यांनी १९७६ मध्ये हंतान नदीच्या परिसरातल्या उंदरांत शोधला आणि नदीचं नाव विषाणूला मिळालं. पण त्याच्या बारा वर्षं आधी, १९६४ मध्ये, तामिळनाडूतल्या वेल्लोरला एका चिचुंद्रीतून एक विषाणू वेगळा काढून ठेवलेला होता. थोट्टापालयम असं त्याचं नाव. तो कोणाच्या गोत्रातला हे तेव्हा कळलं नाही. बऱ्याच वर्षांनी तपासलं तर तो हंताच निघाला, जगात सर्वांत आधी हाती आलेला! चिचुंद्री उंदरांच्या जातीतली नसल्याने तर शास्त्रज्ञांची आणखीच पंचाईत झाली. हंता विषाणू फक्त उंदरांचे, हा समज मोडला. त्यानंतर चिचुंद्र्यांत, मातीत बिळं करणाऱ्या मोलांत आणि वटवाघळांतही एकामागून एक हंता विषाणू सापडत गेले.